मनाचा ताण आणि पक्षाघात

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या समाचारास गेलेली मंडळी उठता उठता एक वाक्य हटकून बोलतात : ‘फार मनाला लावून घेतले हो त्यांनी!’ आणि जो अद्याप धडधाकट आहे त्यास दारापर्यंत पोचवताना उपदेश होतो : ‘तुम्ही मात्र काही ताण घेऊ नका.’ ही दोन वाक्ये आम्ही इतक्या घरांतून ऐकली आहेत की, ती खरी की खोटी हे तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नसावे. आमच्या मते पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे अगदीच निरुपयोगी आहे. अर्धे खरे वाक्य पुष्कळदा धडधडीत खोट्या वाक्याहून अधिक नुकसान करते. रुग्णाने ‘लावून घेतले’ असे एकदा ठरले की सारा दोष त्याच्या स्वभावावर जातो, आणि त्याचा रक्तदाब गेली कित्येक वर्षे कोणी मोजलाच नव्हता ही गोष्ट सोयीस्करपणे बाजूस राहते.

शाळेच्या वार्षिक अंकात हा विषय कशाला, असे आमच्या विद्यार्थिमित्रांस वाटेल. पण हा अंक घरी जातो. तो बाबा चाळतात, आई दुपारी वाचते, आजोबा चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचू लागतात. शिवाय पक्षाघात हा केवळ म्हातारपणचा रोग, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. आपल्या देशात तो चाळिशी-पन्नाशीतील कर्त्या माणसांनाही गाठतो, आणि मग शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरची घडी एका सकाळीत विस्कटते.

आधी रोग कोणता ते पाहू. बोलीत यास आपण लकवा म्हणतो, अर्धांगवायू म्हणतो. पण वायूचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपला मेंदू वजनाने सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे सगळ्या देहाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. परंतु शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याच्यापाशी साठवण जवळजवळ नाहीच. रक्ताचा पुरवठा थांबला की काही मिनिटांतच त्या भागातील पेशी मरू लागतात. पुरवठा दोन प्रकारांनी तुटतो : रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. पहिला प्रकार पुष्कळ अधिक आढळतो, दुसरा अधिक घातक असतो. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बहुतेकांची वाचाही त्याच डाव्या बाजूच्या ताब्यात असल्यामुळे शब्दही हरपतात.

आता मनाचा ताण आणि ही रक्तवाहिनी यांची गाठ कोठे पडते? अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की, संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते. मूत्रपिंडांवरील इवल्याशा ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात येते, हृदय जोराने धावू लागते, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची क्षमताही वाढते. वाघापासून पळणाऱ्यास हे सारे उपकारकच! जखम झाली तर रक्त लवकर गोठावे, स्नायूंना भरपूर पुरवठा व्हावा, अशी ही योजना आहे. पुढे १९३६ साली हॅन्स सेल्ये याने लिहिले की, निरनिराळ्या प्रकारच्या आघातांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देते. आणि हाच सज्जपणा दीर्घकाळ चालू राहिला तर शरीर थकून खचते. धनुष्याची दोरी बाण सोडण्यापुरती ताणावयाची असते. ती रात्रंदिवस चढवून ठेवली तर धनुष्यच निकामी होते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आपल्या घरातील वाघ निघून जात नाहीत, ही खरी अडचण आहे. कर्जाचा हप्ता दर महिन्यास येतो, वरिष्ठाची मुद्रा रोज सकाळी पाहावी लागते, आणि मुलाची परीक्षा तर वर्षभर उशाशी बसलेली असते.

येथवर ‘मनाला लावून घेतले’ या वाक्याचा खरा अर्धा भाग झाला. आता दुसऱ्या अर्ध्या भागासाठी एक उदाहरण देतो. ते परदेशचे आहे, पण इतके तपशीलवार नोंदलेले दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया प्रांतातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे आपल्या खुर्चीत बसून कागदपत्रे पाहत होते आणि एक चित्रकर्ती त्यांचे चित्र रंगवीत होती. एकाएकी त्यांनी मानेच्या मागे हात नेला, डोके भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते कोसळले. काही वेळाने मोजलेला रक्तदाब ३०० च्या वर गेलेला होता. दोन-अडीच तासांत त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेसष्ट. महायुद्ध संपण्याच्या बेतात होते. युद्धाच्या भाराने त्यांचा बळी घेतला असे सारे जग म्हणाले. त्यांच्या वैद्याने तर हा आघात निरभ्र आकाशातून आल्याचे सांगितले.

आकाश निरभ्र मुळीच नव्हते. १९३७ साली, म्हणजे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे, त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता. १९४१ साली तो १८८/१०५ वर गेला. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा तो १८६/१०८ होता आणि हृदय वाढून थकलेले होते. ब्रुएनने मीठ कमी करविले, सिगारेटी कमी करविल्या, कामाचे तास कमी करावयास सांगितले. त्यानंतर याच माणसाने चौथ्यांदा निवडणूक लढविली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेसाठी हजारो मैलांचा प्रवास केला. ताण होता हे कोण नाकारील? पण ताणाच्या आधी, ताणाच्या खाली, वर्षानुवर्षे चढत गेलेला रक्तदाब होता. दर मिनिटास सत्तर वेळा तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ठोके घालीत होता. शेवटच्या घटकेस ज्याने भिंत पडली त्या धक्क्याचे नाव आपण घेतो. भिंत आतून कोणी पोखरली हे विचारीत नाही.

त्या काळी रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते, हे दुर्दैव. रूझवेल्टच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम एका ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्या वैद्यांच्या बटव्यात शतकानुशतके असलेली ही मुळी मग जगभर तपासली गेली, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील प्रसिद्ध लास्कर पारितोषिक मिळाले. (मुंबईच्या या डॉक्टराचे नाव आमच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले आहे, हे एकदा वर्गात विचारून पाहण्यासारखे आहे.) आज सर्पगंधा मागे पडली, तिच्याहून सौम्य, स्वस्त आणि खात्रीच्या गोळ्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळतात. जे औषध जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षास मिळू शकले नाही, ते आज आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. तरीही आपल्याकडे कितीतरी माणसे महिनाभर गोळ्या घेतात, ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या सोडून देतात, आणि पुढे काही झाले की दोष मनाच्या ताणावर ढकलला जातो! रक्तदाब वाढलेला असताना बहुधा काहीच वाटत नाही, हाच त्याचा कपटीपणा आहे. तो यंत्राने मोजावा लागतो. पाच मिनिटे शांत बसून, चहा आणि तंबाखूनंतर निदान अर्धा तास थांबून, दोन-तीनदा तो मोजावा. १४०/९० किंवा त्याहून अधिक असा वारंवार आढळला तर डॉक्टरांकडे जावे.

या विषयाचा गेल्या काही वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला आहे. आपल्या देशासह ३२ देशांतील पक्षाघाताच्या रुग्णांची माहिती गोळा करून २०१६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसले की दहापैकी नऊ पक्षाघातांचा संबंध अवघ्या दहा कारणांशी लावता येतो, आणि ती सारी टाळता किंवा आटोक्यात आणता येण्यासारखी आहेत. त्यांत पहिला मान उच्च रक्तदाबाचा. मग व्यायामाचा अभाव, रक्तातील मेद, आहार, पोटाचा घेर, धूम्रपान, हृदयाचे विकार, मद्य, मधुमेह. आणि याच पंक्तीत मनाचा ताण. त्यास पंक्तीबाहेर काढता येत नाही, तसेच अग्रपूजेचा मानही देता येत नाही.

त्याच अभ्यासातून २०२१ च्या अखेरीस आणखी एक गोष्ट पुढे आली. तेरा हजारांहून अधिक रुग्णांस विचारले की, आघातापूर्वीच्या एका तासात तुम्ही संतापला होता काय, किंवा मनास मोठा धक्का बसला होता काय? आणि आदल्या दिवशी त्याच वेळी काय स्थिती होती? सुमारे अकरांपैकी एकाने संताप किंवा धक्का असल्याचे सांगितले, आणि अशा तासात पक्षाघाताचा संभव सुमारे एक तृतीयांशाने अधिक असल्याचे हिशेबात आले. एवढे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. अकरांपैकी दहांना तसे काहीच झाले नव्हते. शिवाय ज्याच्यावर असा प्रसंग गुदरला आहे तो त्याचे कारण शोधू लागतो, आणि शोधणाऱ्यास आदल्या दिवसापेक्षा त्या दिवसाचे भांडण अधिक ठळक आठवते. हा दोष अशा अभ्यासांत राहणारच. तरीही रागाच्या भरात रक्तदाब उसळतो ही गोष्ट कोणासही यंत्र लावून पाहता येईल.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा भाग निराळाच आहे. याच संशोधकांना २०२२ साली असे आढळले की, घरी किंवा कामावर पुष्कळ ताण असूनही ज्यांना ‘येथील गोष्टी काही अंशी तरी माझ्या हातात आहेत’ असे वाटत होते, त्यांच्यात ताण आणि पक्षाघात यांचा संबंध क्षीण होता. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा जो अभ्यास १९६७ साली सुरू झाला, त्याची येथे आठवण होते. सतरा हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. सामान्य समजूत अशी की, मोठ्या साहेबाच्या डोक्यास मोठा व्याप, म्हणून हृदयविकाराने तोच आधी जाणार. घडले उलटे. दारावरचा शिपाई आणि निरोप्या यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपानासारखी ज्ञात कारणे वजा केली तरी अंतर पुरते मिटेना. पुढील अभ्यासात दिसले की, आपले काम केव्हा आणि कसे करावयाचे याविषयी ज्यास काडीचाही अधिकार नाही, त्यास धोका अधिक. ती पाहणी हृदयाची होती, मेंदूची नव्हे. परंतु रक्तवाहिन्या दोन्हीकडे त्याच आहेत.

यावर कोणी म्हणेल की, रूझवेल्टच्या हातात तर अर्ध्या जगाची सूत्रे होती. त्याला तो अधिकार का वाचवू शकला नाही? प्रश्न योग्य आहे. अधिकार हे रक्तदाबाचे औषध नव्हे, एवढेच त्याचे उत्तर. ज्याचा रक्तदाब १८६ वर आहे त्यास आधी गोळी हवी. ताणाचा विचार त्याच्या जोडीला करावयाचा, त्याच्या जागी नव्हे.

म्हणूनच ‘ताण घेऊ नका’ हा उपदेश आम्ही निरुपयोगी म्हटला. ताण कोणी बाजारातून विकत आणीत नाही. तो अंगावर येतो, आणि ज्याच्या अंगावर येतो त्याला बहुधा नकार देण्याची सोय नसते. आपल्याच एखाद्या घरात फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत डोकावून पाहा. आई पहाटे साडेचारला उठते, कारण मुलास पाचला उठवावयाचे असते. चहा, डबे, सासूबाईंची औषधे, मग स्वतःची नोकरी, परतताना भाजी, रात्री मुलगा अकरापर्यंत वाचतो म्हणून तीही अकरापर्यंत जागते. या साऱ्या दिवसात एकही गोष्ट अशी नसते की जी तिने ठरविली. घरातील प्रत्येकाच्या गोळ्यांचा हिशेब तिच्या तोंडी असतो. तिच्या गोळ्या संपल्या आहेत काय, हे पाहणारे मात्र कोणी नसते. तिला आपण सांगतो, ताण घेऊ नकोस! बाबांचेही तसेच. कचेरीत मान खाली घालून ऐकलेले शब्द ते घरी येऊन ताटावर काढतात, किंवा तंबाखूच्या चिमटीत दाबतात. दोन्ही मार्ग पुन्हा त्याच रक्तवाहिनीकडे जातात.

अशा घरात ताण ‘घेऊ नये’ असे म्हणण्यापेक्षा तो वाटून घ्यावा, असे आमचे मत आहे. नववी-दहावीतल्या मुलास गजर लावून स्वतः उठता येते. स्वतःचा चहा करता येतो. अभ्यासाचे वेळापत्रक त्याने स्वतः आखावे आणि आईबाबांनी ते मान्य करावे. यात मुलाच्या हातात सूत्रे येतात आणि आईची पहाटेची झोप वाचते. ती झोप ही चैन नव्हे; झोपेच्या वेळी रक्तदाब उतरतो, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती मिळते. पालकांसही आमची विनंती आहे की, मावसभावाचे गुण जेवणाच्या पानावर वाढू नयेत. त्या तुलनेने मुलाचे गुण वाढल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही, रक्तदाब मात्र दोन्ही पिढ्यांचे वाढतात.

बाकीचे उपाय सर्वांस ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. मीठ दिवसास पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाभर असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली लोणची, पापड आणि ताटात डाव्या बाजूस वाढलेले मीठ मिळून हा हिशेब केव्हाच ओलांडतात. बिडी, सिगारेट, तंबाखू आणि मशेरी यांच्याविषयी येथे वाद नको. ‘ताण हलका होतो’ म्हणून जी चिमूट घेतली जाते ती हृदयाचे ठोके वाढविते. रोज अर्धा तास भरभर चालावे. मन मोकळे करावयास एक तरी माणूस असावा, आणि दुःख दीर्घकाळ हटत नसेल तर मनाच्या डॉक्टराकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

योगाविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण त्याचा एक धागा बडोद्याच्या मराठी मंडळींपर्यंत येतो. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली बडोद्याजवळ डभोई येथे झाला, आणि बडोद्यास प्रो. माणिकराव यांच्या तालमीत त्यांचे शरीर घडले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसने करीत असताना माणसाच्या रक्तदाबाचे काय होते हे यंत्राने मोजून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. योगाची थोरवी गाणारे पुष्कळ होते. मोजून पाहणारे हे पहिल्या मोजक्यांतले. संथ श्वसनाने, मिनिटास सहाच्या आसपास श्वास घेतल्याने, काही वेळापुरता रक्तदाब थोडा उतरतो, आणि रोजच्या सरावाचा उपयोगही होतो. पण तो थोडाच असतो. प्राणायाम सुरू केला म्हणून गोळ्या बंद करणारे गृहस्थ कुवलयानंदांचे नाव घेतात, पण त्यांची मोजण्याची सवय घेत नाहीत. आणि ज्यांचा रक्तदाब चढलेला आहे त्यांनी शीर्षासनाच्या वाटेस डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नये.

इतके करूनही आघात होऊ शकतो. तेव्हा घरात मूलच एकटे असण्याचा संभव आहे, म्हणून हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. बोलता बोलता चेहऱ्याची एक बाजू ओघळली; दोन्ही हात वर करावयास सांगितले असता एक खाली घसरला; साधे वाक्य म्हणताना जीभ अडखळली किंवा भलतेच शब्द आले : यांपैकी एक जरी खूण एकाएकी दिसली तरी पक्षाघात समजावा. अंगास तेल चोळीत बसू नये, सकाळची वाट पाहू नये, आपोआप बरे वाटले तरी थांबू नये. पाणी किंवा गोळी तोंडात घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, आणि रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घातच करील. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे मेंदूचे सी. टी. स्कॅन होते अशा इस्पितळात न्यावे. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

इस्पितळात डॉक्टर पहिल्याने विचारतात ते हेच : रुग्ण अगदी नीट बोलत-चालत असलेला शेवटचा केव्हा पाहिला? त्या क्षणी मोठी माणसे गोंधळलेली असतात आणि उत्तरे चुकतात. भिंतीवरील घड्याळ पाहून ती वेळ वहीच्या पाठीवर लिहून ठेवणे आणि ती वही रुग्णाबरोबर पाठविणे, एवढे काम पाचवीतल्या मुलासही करता येते.